पट्टा, पाट आणि झोपाळा

आमच्या माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर अचूकतेची टक्केवारी ठळक अक्षरांत छापली होती. ती मी काढली होती, आणि छापखान्यात फाइल पाठवताना ती मला खरी वाटत नव्हती. आकडा नव्वदच्या बराच पुढे गेला होता. इतका गुळगुळीत निकाल आला की आधी आपल्याच कामावर संशय घ्यावा, हे या धंद्यात केस पांढरे झालेल्या माणसाला सांगावं लागत नाही. पण एका रुग्णालयात सादरीकरण ठरलं होतं, पाहुण्यांच्या चहाची ऑर्डरसुद्धा देऊन झाली होती, आणि संशय तपासायला लागणारा वेळ मी स्लाइडचे रंग जुळवण्यात घालवला.

वस्तू तशी साधी. एकट्या राहणाऱ्या वयस्कर माणसांनी कमरेला बांधायचा पट्टा. माणूस पडलं की मुलांच्या फोनवर निरोप जायचा. पुण्यातल्या कुठल्याही जुन्या सोसायटीत जा, आईवडील इथे आणि मुलं सिएटल, सिंगापूर, गेलाबाजार बंगळुरूला, असं घर सापडायला जिना चढावा लागत नाही. गिऱ्हाईक समोर दिसत होतं. आम्ही तिघं जण होतो आणि भांडवल बेताचं होतं, म्हणून सॉफ्टवेअर सगळं खुलं, म्हणजे ओपन सोर्स, आणि सुटे भाग बाजारात सहज मिळणारे घेतले. एस्प्रेसिफ कंपनीचा ईएसपी-३२ हा वायफायसकट येणारा प्रोसेसर, एमपीयू-६०५० नावाचा हालचालीचा सेन्सर, आर्डुइनोच्या तयार लायब्ररी, निरोप पोचवायला एमक्यूटीटी, आलेख काढायला ग्राफाना. परवान्यापोटी एक रुपयाही द्यायचा नव्हता. तापकीर गल्लीतून बॅटऱ्या आणि स्विच आणले, शिंप्याकडून कापडी खिसे शिवून घेतले आणि महिन्याभरात पट्टा चालू झाला. एवढ्या लवकर चालू झाला, तिथेच आमचं बिनसलं. खुल्या मंचावर सगळं वाचायला मिळतं, पण काहीही न वाचता कामही सुरू करता येतं. आम्ही दुसरा रस्ता धरला.

आधी त्या टक्केवारीचं सांगतो. सेन्सरकडून येणारा डेटा म्हणजे आकड्यांची सलग धार. ती मॉडेलला शिकवायला घ्यायची तर तिचे तुकडे पाडावे लागतात, त्यांना विंडो म्हणतात. इटलीतल्या जेनोवा विद्यापीठाच्या लोकांनी कमरेला फोन बांधून जमवलेला एक डेटासंच या क्षेत्रात सगळेच वापरतात. त्यात सेकंदाला ५० नोंदी, २.५६ सेकंदांची विंडो, म्हणजे एका विंडोत १२८ नोंदी, आणि प्रत्येक विंडोचा निम्मा भाग पुढच्या विंडोतही येतो. हे सगळं आम्ही जसंच्या तसं उचललं. एक गोष्ट तेवढी उचलली नाही. त्यांच्याकडे ३० माणसं होती. त्यांनी शिकवायला २१ आणि परीक्षेला ९ अशी माणसंच वेगळी काढली होती. आम्ही सगळ्या विंडो एकत्र पिसल्या आणि मग वाटल्या. त्यामुळे परीक्षेतल्या बहुतेक विंडोंचा निदान अर्धा तुकडा मॉडेलने अभ्यासात आधीच पाहिलेला असायचा, चालणारा माणूसही ओळखीचाच. पेपर आधी दाखवून घेतलेल्या परीक्षेचे गुण आम्ही पहिल्या पानावर छापले. पुढे माणसं वेगळी काढून पुन्हा मोजलं, तेव्हा आकडा असा आपटला की तो बोलून दाखवायलाही कुणी तयार होईना.

त्या ३० जणांचं वय १९ ते ४८ होतं, हेही मी वाचलं होतं. आमचं गिऱ्हाईक सत्तरीच्या पुढचं. वाचलं आणि पुढे गेलो.

पडण्याचा डेटा आम्ही कोलंबियातल्या अँटिओकिया विद्यापीठाच्या सिसफॉल या संचातून घेतला. २०१७ साली आलेला हा संच कष्टाने आणि प्रामाणिकपणे केलेला आहे; त्यात काय आहे आणि काय नाही ते त्यांनी स्वच्छ लिहून ठेवलंय. पडण्याचे १५ प्रकार तरुण मुलामुलींनी करून दाखवले. म्हाताऱ्या माणसांना पाडायचं कसं? त्यांच्याकडून फक्त रोजच्या क्रिया करून घेतल्या. अपवाद साठीच्या एका गृहस्थांचा. त्यांनी पडूनही दाखवलं, पण ते ज्युदोतले पट्टीचे खेळाडू. म्हणजे आमच्या मॉडेलच्या लेखी म्हातारा माणूस कधी पडतच नव्हता, आणि पडलाच तर ज्युदोपटूसारखा. रोजच्या क्रियांच्या यादीत दोन उंचींच्या खुर्च्यांवर बसणं आहे, मोटारीत बसणं-उतरणं आहे, अडखळणं आहे. जमिनीवर बसणं नाही.

आणि आमची पहिली खरी ग्राहक होती वाईजवळ राहणारी माझी मावशी.

मावशीचा मुलगा, माझा मावसभाऊ, न्यू जर्सीत असतो. वयाने मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणतो. पट्टा बांधल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "अरे, आई पडलीय म्हणून मेसेज आलाय, आणि आई फोन उचलत नाहीये." इथे सकाळचे आठ, तिथे रात्रीचे साडेदहा. मी शेजारच्या काकूंना पळवलं. मावशी पाटावर बसून पूजा करत होती. पूजेतून उठायचं नाही म्हणून फोन घेतला नव्हता.

गुडघे दुखत असले की माणूस कसा बसतो ते पाहिलंय कधी? एक हात भिंतीला, दुसरा मांडीवर. अर्ध्यापर्यंत जपून खाली जायचं, आणि शेवटच्या चार बोटांत गुडघे नाही म्हणतात, तेव्हा सोडून द्यायचं. धप्प. मग हालचाल बंद, कारण पूजा सुरू. आता सेन्सरकडून पाहा. टेबलावर निवांत पडलेला सेन्सरसुद्धा १ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढं त्वरण दाखवत असतो. हातातून सुटला की पडतापडता तो आकडा शून्याकडे घसरतो. जमिनीला टेकला की एकदम उसळतो. घसरण, उसळी आणि मग शांतता, ही पडण्याची पुस्तकी खूण. मावशी रोज सकाळी ती खूण बिनचूक करून दाखवत होती.

गणपतीत तर कहरच झाला. दुसरा पट्टा आम्ही एका निवृत्त मास्तरांना दिला होता. ते रोज दोन वेळा आरतीनंतर साष्टांग नमस्कार घालत. आधी स्वतःभोवती गिरकी, मग उभ्याचं आडवं, मग काही सेकंद निश्चल. आमच्या मॉडेलला याहून खात्रीलायक अपघात आजवर दिसला नसेल. मास्तरांच्या मुलीने चतुर्थीच्या रात्रीच निरोप बंद करून टाकले, आणि तिला दोष देता येत नाही.

यावर मी जे केलं ते आज सांगताना जड जातं. मी उंबरठा वाढवला, म्हणजे उसळी आणखी मोठी असेल तरच निरोप जाईल असं केलं. खोटे निरोप थांबले. आम्हाला हायसं वाटलं. काही आठवड्यांनी मावशीकडे गेलो तर तिच्या कोपरापासून मनगटापर्यंत काळंनिळं झालेलं. ती काही बोलली नाही. कामाला येणाऱ्या बाईंनी सांगितलं. मावशी ओल्या मोरीत घसरली होती, नळ हाताला लागला, तो धरून हळूहळू खाली आली आणि बराच वेळ तशीच बसून राहिली. पट्टा कमरेला होता. निरोप गेला नव्हता. पुष्कळ म्हातारी माणसं अशीच पडतात, काहीतरी धरत, टेकत, घसरत; त्यात घसरण नीट दिसत नाही आणि उसळी लहान असते. मी उंबरठा वाढवून नेमकी तीच पडणी गाळून टाकली होती.

"मला वाटलं तुला कळलं असेल," मावशी म्हणाली. "तो पट्टा बांधलाय ना."

त्या रात्री मी पहिल्यांदा मूळ आकडे उघडून बसलो. तोवर आम्ही फक्त ग्राफानाचे आलेख पाहत होतो, आणि ते छान दिसायचे. मावशीच्या सकाळच्या बसण्याची नोंद काढली. उभ्या अक्षाच्या रकान्यात ३२७६७ हा आकडा. खालच्या ओळीत पुन्हा ३२७६७. त्याच्याखाली तोच. १६ बिटांत मावणारा हा सगळ्यात मोठा धन आकडा. सेन्सर मोजत नव्हता, छताला टेकून बसला होता. एमपीयू-६०५० सुरू होताना ± २ जी या मर्यादेत सुरू होतो. ४, ८ किंवा १६ हवे असतील तर सांगावं लागतं. आम्ही सांगितलंच नव्हतं. पाटावरचा धप्पा असो की खरीखुरी आदळआपट, दोन्ही आमच्याकडे २ जीवर छाटून येत होती. त्या दोन्हींतला फरक शोधायला मी मॉडेलचे थर वाढवत होतो, संगणक रात्रभर तापवत होतो. आणि तो फरक मावशीच्या कमरेवरच कापला गेला होता. ढगात, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर, तो नव्हताच.

हे वाक्य मी तेव्हा डायरीत लिहून ठेवलं असतं तर पुढच्या काही चुका वाचल्या असत्या.

सेन्सरची मर्यादा ± ८ जीवर नेली, तर काही पट्ट्यांचे आकडे विचित्र फडफडू लागले. लायब्ररीचा कोड ओळीनं ओळ वाचल्यावर उलगडा झाला. या सेन्सरला 'तू कोण?' असं विचारायची सोय असते. एमपीयू-६०५० असेल तर हेक्समध्ये ६८ असं उत्तर येतं. आमच्या काही बोर्डांनी ७० असं उत्तर दिलं. तो एमपीयू-६५०० होता, भाऊबंदच, पण दुसरा. बहुतेक रजिस्टरं सारखी असल्याने कोड तक्रार न करता चालायचा. फरक एवढाच की ६०५०मध्ये कंपन गाळणारी एकच चाळणी त्वरण आणि फिरणं दोन्हींना लागते, ६५००मध्ये त्वरणाची चाळणी वेगळ्या रजिस्टरात असते, आणि तिला आम्ही हातच लावला नव्हता. जमवलेला निम्मा डेटा चाळलेला, निम्मा बिनचाळलेला. कुठला कुठल्या पट्ट्याचा, याची नोंद? ठेवली नव्हती. पाकिटावर जे छापलं होतं त्यावर विश्वास ठेवला. 'तू कोण?' हे विचारायला एक ओळ लागते.

आता वेळेबद्दल. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण या घोटाळ्याने आमचं सर्वांत जास्त नुकसान केलं, आणि ज्याच्या त्याच्या हातून तो होताना मी पाहतो.

पट्ट्यावर आम्ही वेळ नोंदवतच नव्हतो. डेटा सर्व्हरवर पोचला की सर्व्हर आपली वेळ लावायचा. प्रयोगशाळेत, म्हणजे आमच्या कर्वेनगरच्या खोलीत, राउटर टेबलावरच असल्याने काही बिघडत नव्हतं. वाईला वायफाय जायचं, यायचं. गेलं की पट्टा नोंदी साठवायचा. आलं की सगळ्या एका दमात सोडायचा, आणि सर्व्हर त्या सगळ्यांना एकच सेकंद लावायचा. दहा मिनिटांचं चालणं एका सेकंदात. मॉडेलला ते वादळ वाटायचं. शेवटी पट्ट्यावरच वेळ लावायची ठरली, तर नवी गंमत. ईएसपी-३२ला स्वतःचं चालू घड्याळ नसतं. वीज गेली आणि परत आली की जोवर इंटरनेटवरून वेळ मिळत नाही तोवर तो १ जानेवारी १९७० धरून चालतो. मावशीच्या नावे १९७० सालातली पावलं जमा होऊ लागली. तेव्हा तिचं लग्नही झालं नव्हतं.

हे निस्तरलं, तोवर दादाचा काळजीचा फोन. "आई रात्री साडेअकराला घरात फेऱ्या मारतेय रे रोज. झोप लागत नाही का तिला? डॉक्टरांना विचारू का?" अहवाल तयार करणारा कोड जागतिक वेळेत चालत होता. आपण तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे. मावशी पहाटे पाचला उठून अंगणात जायची. अहवालात ते आदल्या रात्रीचे साडेअकरा व्हायचे. तारीखही पहाटे साडेपाचला बदलायची, त्यामुळे तिची पहिली अर्ध्या तासाची लगबग कायम कालच्या खात्यात. दादाने डॉक्टरांना खरोखर विचारलं होतं, आणि त्यांनी झोपेची सौम्य गोळी सुचवलीही होती. ती सुरू झाली नाही, हे मावशीच्या हट्टीपणाचे उपकार. आमचे नव्हेत.

मावशीच्या माजघरात शिसवी झोपाळा आहे. दुपारी जेवण झालं की ती त्यावर बसते, पायाने हलकेच रेटा देते, आणि तासभर वाचते. एके दिवशी पाहिलं तर भर दुपारी तिची शेकडो पावलं नोंदली गेलेली, सावकाश पण अगदी एकसारख्या लयीत. आधी वाटलं, व्यायाम सुरू केला असेल. मग आकडेमोड केली. झोपाळ्याच्या कड्या साधारण दोन मीटरच्या. तेवढ्या लांबीचा झोका पुढे जाऊन मागे यायला २.८ सेकंद घेतो. झोपाळा तळातून जाताना बसणाऱ्याला वजन किंचित वाढल्यासारखं लागतं, आणि तळातून तो एका फेरीत दोनदा जातो. म्हणजे दर १.४ सेकंदाला एक हलका उंचवटा, मिनिटाला चाळीस-बेचाळीस. आणि फरपटत, अगदी हळू चालणारी माणसं हुकू नयेत म्हणून आम्ही पावलाची खालची मर्यादा मुद्दाम तेवढीच खाली आणली होती.

हा एकच घोटाळा मला आवडला, खरं सांगायचं तर. बाकीचे निष्काळजीपणाचे होते. याने मात्र निदान शिकवलं, आणि उपायही पट्ट्यातच होता: पाऊल टेकतं तेव्हा बारीक धक्का बसतो, झोपाळ्यावर बसत नाही. तो धक्का मोजला की प्रश्न मिटतो. पण त्याआधी आम्ही तिच्या दुपारच्या 'चालण्या'चा सुंदर चढता आलेख दादाला पाठवला होता आणि त्याने तो कौतुकाने नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला होता.

ढगाच्या बाजूचं थोडक्यात सांगतो, कारण तिथला मूर्खपणा नेहमीचाच आहे. सगळा कच्चा डेटा वर पाठवायचा आणि विचार मागाहून करायचा, असं आमचं धोरण होतं. सहा अक्ष, प्रत्येकी दोन बाइट, सेकंदाला ५० वेळा. दिवसाला सुमारे ५२ एमबी झाले, आणि आम्ही ते अक्षरी मजकूर करून पाठवत असल्याने त्याच्या कितीतरी पट. वायफायवर बोलताना ईएसपी-३२ २४० मिलिअँपिअरपर्यंत वीज ओढतो. पट्टा दुपारी मरायचा. बिल मात्र मरायचं नाही. एमक्यूटीटी ही पद्धत १९९९ साली अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी तेलाच्या पाइपलाइनींवर उपग्रहामार्फत लक्ष ठेवायला रचली; कमीत कमी शब्दांत निरोप पाठवणं हाच तिचा हेतू. आम्ही तिच्यातून पोतीच्या पोती धान्य ओतलं. त्यातही पडल्याचा निरोप 'पोचला तर पोचला' या शून्य दर्जावर ठेवलेला, तो कधी हरवायचा. मग 'किमान एकदा' या दर्जावर नेला, तर एकाच पडण्याचे दोन निरोप, कारण पावती हरवली की ही पद्धत निरोप पुन्हा पाठवते आणि आलेला निरोप जुनाच आहे हे ओळखायला त्यावर क्रमांक लागतो. क्रमांक घातला नव्हता, हे आता वेगळं सांगायला नको.

खुलं असण्याचा खरा फायदा मला याच काळात कळला. गुगलने आपली क्लाउड आयओटी कोअर ही सेवा १६ ऑगस्ट २०२३ला बंद केली; त्यावर बांधलेल्यांना घर बदलावं लागलं. आम्ही तिथे नव्हतो, पण आमचा ब्रोकर, म्हणजे एमक्यूटीटीचे निरोप वाटणारा प्रोग्राम, खुला असल्याने उद्या भाड्याचा सर्व्हर बदलायचा तर एक दुपार पुरेल, हे माहीत होतं. पेबल घड्याळाची कंपनी डिसेंबर २०१६ मध्ये मिटली, तरी रिबल नावाने जमलेल्या हौशी लोकांनी त्याच्या सेवा चालू ठेवल्या, आणि २०२५ साली गुगलने त्याची प्रणालीच खुली केली. आमची सगळी चूक आम्हाला सापडली ती कोड वाचता आला म्हणूनच. बंद डब्यातला सेन्सर असता, तर ३२७६७ दिसलाच नसता. डब्याने एक गुळगुळीत आकडा दिला असता आणि मी तोही छापला असता.

यानंतरची चूक कोडमधली नव्हती, आणि तिच्यावर अजून समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही.

दादाला आम्ही डॅशबोर्ड दिला होता. सगळा डेटा होताच, तर दाखवायला काय हरकत? दिवसभराची हालचाल, बसणं, उठणं, रात्रीचं उठणं. दादा मनाने चांगला, आईची काळजी करणारा. एका रविवारी व्हिडिओ कॉलवर त्याने विचारलं, "आई, रात्री चार-चार वेळा उठावं लागतं का तुला? लघवीचा त्रास आहे का?" सून शेजारी होती, नातवंडं मागे खेळत होती. मावशीने काही उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून पट्टा खुंटीवर.

खुंटीवरचा पट्टा पूर्ण निश्चल, त्यामुळे काही तासांनी प्रणालीने ती बेशुद्ध पडल्याचं कळवलं. काकू पुन्हा धावल्या. पट्टा अंगावर आहे की नाही हे ओळखायची सोयच आम्ही केली नव्हती. आपलं यंत्र कुणी काढून ठेवेल, हे मनातच आलं नव्हतं.

मी गेलो. मावशी चिडलेली नव्हती, ते जास्त लागलं. तिने चहा टाकला आणि म्हणाली, "पडले तर कळव बाबा त्याला. पण मी कधी उठते, कुठे जाते, हे त्याला कशाला? तुला तरी कशाला?" मी तिच्याकडून संमतीच्या कागदावर सही घेतली होती. इंग्रजीत. 'हालचालीचा डेटा' असं लिहिलं होतं त्यात. हालचालीच्या डेटातून मोरीत किती वेळ गेला हे निघतं, हे तिला सांगितलं नव्हतं, आणि आधी मलाही ते इतकं उघडं दिसलं नव्हतं. अमेरिकी सैनिकांच्या धावण्याच्या नोंदींवरून त्यांचे तळ स्ट्राव्हाच्या नकाशावर उमटल्याची बातमी मी २०१८ साली वाचली होती, चार लोकांना रंगवून सांगितली होती. तळ दिसतो, तर मोरी दिसणार नाही?

आता पट्टा निर्णय स्वतः घेतो आणि फक्त पडल्याचा निरोप, बॅटरी आणि अंगावर असणं-नसणं एवढंच वर पाठवतो. डॅशबोर्ड बंद केला. दादाला हे पटलेलं नाही. रात्रीचं उठणं वाढलं तर ते पडण्याच्या आधीचं लक्षण असू शकतं, हे त्याचं म्हणणं वैद्यकीयदृष्ट्या चूक नाही, आणि तो ते मला दर महिन्याला ऐकवतो. मावशी म्हणते, मला विचारा, मी सांगेन. दोघांमध्ये मी निवाडा करत नाही. निवाडा करायचा अधिकार मला कधी नव्हताच, आधी मी तो नकळत केला होता इतकंच.

राहिला आधीच्या महिन्यांचा साठा. वेळ चुकलेला, शेंडे छाटलेला, निम्मा बिनचाळलेला. एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलांनी तो मागितला; भारतीय घरातला, जमिनीवर बसणाऱ्या माणसांचा डेटा मिळत नाही, हे त्यांचं म्हणणं मला मनापासून पटतं. पण आमच्या इंग्रजी कागदावर पुढे कुणाला देण्याची परवानगी नव्हती. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याप्रमाणे संमती मागे घेणं ती देण्याइतकंच सोपं असायला हवं. मावशीने चहा पिता पिता "ते सगळं पुसून टाक" असं म्हटलं; याहून सोपं काय असणार? मास्तरांना मी स्वतः जाऊन विचारलं. त्यांनी विचार करायला वेळ मागून घेतला आणि मग नमस्काराच्या नोंदी तेवढ्या ठेवायला होकार दिला, मराठीत लिहून.

मावशीच्या नोंदी सर्व्हरवरून काढल्या. मग लक्षात आलं की रोज रात्री प्रत निघत होती. त्या प्रती शोधून काढल्या. मग माझ्या लॅपटॉपवरची, भागीदाराच्या पेन ड्राइव्हवरची. मॉडेल शिकवण्याचं काम करणाऱ्या इंटर्नने एक पूर्ण प्रत घरच्या संगणकावर नेली होती, माझ्या परवानगीने, कारण आमच्या खोलीतला एसी चालत नव्हता. तो आता म्युनिकला असतो. जुना संगणक नाशिकला आईवडिलांकडे आहे, दिवाळीत आला की बघतो म्हणालाय.